ओळखीचं माणूस

इंटरव्ह्यू कसा झाला हे लेकीला, कादंबरीला, विचारायचं नाही, असं रंगराव आणि सुशीलाबाईंनी आपसांत ठरवून टाकलं होतं. लेक खराडीहून परतली की सुशीलाबाई पाणी पुढे करत आणि भाजीच्या भावाबद्दल बोलत. त्या दिवशी मात्र कादंबरीनं बूट काढता काढता आपणहूनच सांगितलं.

"कोडिंगचा राऊंड मस्त झाला. मग एक सर आले. म्हणाले, सोनकांबळे म्हणजे मूळचे कुठले? मी म्हटलं, उदगीरचे. मग म्हणाले, इंजिनिअरिंगची ॲडमिशन कुठल्या कॅटेगरीतून?"

"मग?" न राहवून रंगरावांनी विचारलं.

"मग काय, खरं ते सांगितलं. छान हसले. म्हणाले, कळवतो."

दोन दिवसांनी त्यांनी कळवलं. कादंबरी हुशार आहे, पण टीमशी जुळेल असं वाटत नाही. ही वाक्यं आता घरात सगळ्यांना पाठ झाली होती. कादंबरीनं मोबाइल उपडा ठेवला आणि पोळ्या लाटायला गेली. तिला पोळ्या लाटायला आवडत नसे.

सुशीलाबाई रंगरावांच्या शेजारी येऊन बसल्या. "परचुऱ्यांशी बोला ना एकदा. त्यांचा केदार तिथंच कुठल्याशा कंपनीत मोठा साहेब आहे."

"बघू."

"वर्षभर बघूच म्हणताय."

रंगरावांना जायचं नव्हतं, त्याला कारण होतं. ते आणि अनंत परचुरे टेलिफोन खात्यात जवळजवळ एकदमच लागले. रंगराव आरक्षित जागेवर, परचुरे खुल्या. पुढं सेक्शनप्रमुखाची जागा निघाली तेव्हा सेवाज्येष्ठतेत परचुरे थोडे पुढं होते, पण जागा राखीव निघाली आणि रंगराव साहेब झाले. परचुरे त्यांच्या हाताखाली चार वर्षं राहिले. कामात कधी कुचराई केली नाही, टोमणेही कधी मारले नाहीत. त्यातूनच दोघांची मैत्री झाली, ती कशी ते दोघांनाही सांगता आलं नसतं. निवृत्तीनंतर रंगराव महिन्यातून एखाद्या रविवारी धानोरीहून बस पकडून नारायण पेठेत परचुऱ्यांकडे चहाला जात. तिथं दोघं पेपर वाचत आणि वाद घालत. आणि वाद बहुतेक वेळा एकाच गोष्टीवर जाई. ज्या माणसाशी तीस वर्षं आरक्षणावरून वाद घातला, त्याच्याकडेच शब्द टाकायला कुठल्या तोंडानं जायचं?

तरी ते रविवारी गेले.

परचुऱ्यांनी दार उघडलं. "या. आज तुमचाच विषय आहे पेपरात."

खासगी कंपन्यांतही आरक्षण हवं, अशी मागणी कुणीतरी एका सभेत केली होती. परचुऱ्यांनी बातमीखाली पेननं रेघ मारून ठेवली होती. परचुऱ्यांच्या पत्नी हेमाताई चहा घेऊन आल्या आणि कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "अहो, त्यांना आधी घोटभर चहा तरी घेऊ द्या."

"घेऊ देत की. मी बोलतो, ते पितील." परचुरे खुर्चीत पुढं सरकले. "सोनकांबळे, सरकारी नोकरीचं मी समजू शकतो. तो सगळ्यांचा पैसा. पण कंपनी कुणीतरी स्वतःचं घर गहाण टाकून काढलेली असते. बुडाली तर सरकार येणार आहे का भरून द्यायला? मग माणूस कुठला घ्यायचा ते त्याला ठरवू द्या."

"जमीन स्वस्तात सरकारकडनंच घेतात ना? करात सूटही घेतात. तेव्हा सरकार चालतं."

"ते सगळ्यांनाच मिळतं."

"ज्यांची कंपनी आहे त्या सगळ्यांना."

परचुरे हसले नाहीत. "बरं, तेही सोडा. ज्या पोराला तुम्ही असा आत घालणार, त्याच्याकडे जन्मभर सगळे तिरके बघणार. आपल्या खात्यात बघत होते की नाही? मी नव्हतो का बघत?"

"होता."

"मग?"

"तिरकं बघणारे बाहेर ठेवूनही बघतातच, परचुरे. आत असलं तर निदान महिन्याला पगार होतो. माझं घर त्या पगारावर झालं. पोरगी इंजिनिअर झाली. आता ते खातंच राहिलं नाही. मी ज्या दारानं आत आलो, तिथं भिंत घातली. मग पोरीनं जायचं कुठून?"

परचुरे पेन उघडबंद करत म्हणाले, "मला चार वर्षं बढती मिळाली नाही, तेव्हा राग तुमच्यावर नव्हता, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण घरी येऊन हिला काय सांगायचं, ते कळत नसे. माझं काय चुकलं, एवढंच विचारायचं होतं मला. कुणाला विचारायचं, तेच माहीत नव्हतं."

"मलाही माहीत नव्हतं," रंगराव म्हणाले.

एरवी इथून वाद तापत असे. त्या दिवशी दोघांनाही पुढं बोलायचा कंटाळा आला. एकमेकांची वाक्यं त्यांना येण्याआधीच ऐकू येत. रंगरावांनी कप खाली ठेवला आणि खिडकीकडे बघत म्हणाले, "कादंबरीचं कुठं जमत नाहीये. वर्ष झालं. केदारच्या कानावर घालता आलं तर…"

परचुऱ्यांचा चेहरा एकदम उजळला. "एवढंच ना? अहो, आधी बोलायचं नाही का! तुम्ही पण कमाल करता." त्यांनी तिथल्या तिथं मुलाला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. केदारही आनंदानं बोलला. "काका, तिचा रेझ्युमे पाठवा मला, मी रेफर करतो. आमच्या टीममधले निम्मे लोक रेफरलनंच आलेत. ओळखीचं माणूस असलं की बरं असतं, रिस्क नसते."

फोन बंद झाल्यावर रंगराव म्हणाले, "म्हणजे तिथंही कोटा आहे. ओळखीचा."

"त्याला कोटा नाही म्हणत," परचुरे म्हणाले आणि पेपराची घडी घालू लागले.

कादंबरीला नोकरी लागली. मुलगी तीच, उत्तरंही तीच. या वेळी मूळचे कुठले, असं कुणी विचारलं नाही. केदारनं आधीच सांगून ठेवलं होतं की बाबांच्या जुन्या मित्राची मुलगी आहे. सुशीलाबाईंनी इमारतीत पेढे वाटले. रंगरावांनीही एक खाल्ला. आनंद झाला होता. पण तो आनंद त्यांना एखाद्या परक्या घरात हळू आवाजात बोलावं तसा वाटत होता.

तीन-चार महिने बरे गेले. मग एका संध्याकाळी कादंबरी तिच्या मैत्रिणीला, ऋतुजा राठोडला, जेवायला घेऊन आली. दोघी कॉलेजात बरोबर होत्या. ऋतुजा जिंतूरजवळच्या एका तांड्यावरची. बाप टेम्पो चालवायचा. सगळ्या वर्गाला गणित समजावून सांगायची तीच. कादंबरीचं शेवटचं प्रोजेक्टही निम्मं तिनंच केलं होतं. पुण्यात कॉट बेसिसवर राहून तीही वर्षभर मुलाखती देत होती.

ती हात धुवायला गेली तेव्हा कादंबरी हळूच म्हणाली, "बाबा, मी केदारदादाला विचारलं हिच्यासाठी. तो नुसता बघतो म्हणाला. तुम्ही परचुरेकाकांना सांगाल? मला हिच्याकडे बघवत नाही."

रंगराव पुढच्या रविवारी पुन्हा नारायण पेठेत गेले. या वेळी त्यांनी प्रस्तावना केली नाही. परचुऱ्यांनीही केली नाही, फोन लावला. स्पीकर सवयीनं सुरूच होता.

"बाबा, कादंबरीचं ठीक होतं," केदारचा आवाज आला. "दर वेळी कसं जमेल? आधीच टीममधल्या एकानं विचारलं, ही तुझी कोण लागते म्हणून. आता तिच्यामागून लगेच तिची मैत्रीण. लोक म्हणतील, एकीला आत घेतलं तर आता रांगच लागली. माझी काही हरकत नाहीये, पण मला टीमला…"

परचुऱ्यांनी स्पीकर बंद करून फोन कानाला लावला. तोपर्यंत रंगरावांनी ऐकायचं ते ऐकलं होतं.

"मुलगी हुशार आहे म्हणतात ते," परचुरे फोनवर म्हणाले. मग, "बरं." मग पुन्हा, "बरं, बरं. ठेव."

हेमाताई दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या.

"तो वाईट नाही हो," परचुरे म्हणाले.

"नाहीच आहे. त्याच्यामुळे माझ्या पोरीची नोकरी आहे."

"मी पुन्हा बोलेन त्याच्याशी. रेझ्युमे द्या तुम्ही. माझा एक भाचा आहे बाणेरला, त्यालाही सांगतो."

"किती जणांचं सांगणार, परचुरे?"

परचुऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. इतक्या वर्षांत रंगरावांनी त्यांना वादात असं गप्प झालेलं पाहिलं नव्हतं. ही वेळ यावी असं त्यांना कितीदा वाटलं होतं. आता आली, तर त्यांना फक्त दमल्यासारखं झालं.

"मला आजही तुमचं सगळं पटत नाही," परचुरे शेवटी म्हणाले. "कायद्यानं माणसं भरायची, हे मला पटणार नाही. पण हे असंही… हेही काही बरोबर नाही. एवढं म्हणतो."

"एवढं पुष्कळ झालं," रंगराव म्हणाले. त्यांनी टोमणा मारला नव्हता, पण ते टोमण्यासारखं वाजलं. त्यांनाच वाईट वाटलं. मग ते मुद्दाम आणखी थोडा वेळ बसले. परचुऱ्यांच्या गुडघ्याची चौकशी केली. ऑपरेशन करावं की नाही, यावर बोलले.

ऋतुजाचा रेझ्युमे बाणेरच्या भाच्याकडे गेला. त्याचं उत्तर आलं नाही. परचुऱ्यांनी दोनदा आठवण केल्याचं सांगितलं, आणि रंगरावांचा त्यावर विश्वास होता. दिवाळीनंतर ऋतुजानं भोसरीतल्या एका लहान कारखान्यात काम धरलं. तिथं ती कॉम्प्युटरवर मालाच्या नोंदी करते, आणि मुलाखतींना जायला सुट्टी मिळत नाही. तिच्या बापाला मात्र समाधान आहे. पोरगी पुण्यात नोकरीला आहे, असं तो तांड्यावर सांगतो.

कादंबरी रोज खराडीला जाते. जेवणाच्या सुट्टीत तिथंही आरक्षणाचा विषय निघतो. परवा तिच्या शेजारचा मुलगा म्हणाला होता, बरंय आपल्याकडे असलं काही नाही, इथं सगळे स्वतःच्या बळावर आलेत. केदारही त्याच टेबलाला होता. त्यानं कादंबरीकडे पाहिलं आणि मग ताटाकडे.

"तू काय म्हणालीस?" तिनं घरी हे सांगितलं तेव्हा रंगरावांनी विचारलं.

"काही नाही. भेंडी चांगली झाली होती, तेवढं म्हटलं."

रंगरावांना काहीतरी बोलायचं होतं. तुझं चुकलं असं नाही, आणि बरोबर केलंस असंही नाही. पण कादंबरीनं डोळे मिटून सोफ्यावर मान टाकली होती, आणि सकाळी तिला सातची बस होती. त्यांनी पंख्याचा वेग थोडा कमी केला आणि सुशीलाबाईंना, जेवण वाढ, म्हणून हाक मारली.