दुकानाची मागची बाजू

"पुन्हा बंद पडला?" बायकोने आतून विचारलं.

"पडला नाही, मीच बंद केला," निवृत्त ड्राफ्ट्समन धडधडीत खोटं बोलला.

सकाळपासूनची ही सातवी खेप. पडद्यावर खेळातलं गाव उघडायचं, बायकोचं दुकान दिसायचं, आणि गाव फिरवायचं बटण दाबलं रे दाबलं की दुकान गडप, पाठोपाठ अख्खा खेळच बंद. एकतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कचेरीत टाक्यांचे आणि पंपघरांचे नकाशे काढलेला हा माणूस. त्याच्या रेघेत चूक काढायची साहेबांचीही टाप नव्हती. आणि आता खेळातली एक टीचभर फाईल त्याला दाद देत नव्हती. डोकं नुसतं भणाणून गेलं होतं.

खेळ बायकोचा. रस्ता रुंद झाला त्यात तिचं शिवणकामाचं दुकान गेलं. सव्वीस वर्षांचं दुकान एका सकाळीत भुईसपाट झालं आणि ती घरी बसली. मशीन खोलीत आणून त्यावर कापड टाकलं ते टाकलंच. मग परगावी राहणाऱ्या त्यांच्या मुलीने फोनवरून शिकवून हा गाव वसवायचा खेळ तिच्या गळ्यात मारला. तिने आपला जुना रस्ता हुबेहूब उभा केला. दवाखाना, चपलांचं दुकान, वळणावरचं झाड. मधली एक जागा मात्र रिकामी ठेवली. खेळात शिंप्याचं तयार दुकान होतं, पण ते तिला भलत्याच कुणाचं तरी वाटायचं.

"माझं दुकान बसवता येईल का हो यात?" असं तिने विचारलं तेव्हा हा "त्यात काय एवढं" म्हणाला आणि तिथेच फसला. त्याला आता तीन आठवडे झाले होते; फोटोवरून दुकानाचं चित्र तयार होतं, पण ते खेळात बसवणारी फाईल काही जमत नव्हती.

"होत नसेल तर राहू द्या," ती बाहेर येत म्हणाली. "मी तिथे बेकरी लावून टाकते. ती मोकळी जागा रोज डोळ्यांत खुपते."

हे 'राहू द्या' त्याला फार झोंबलं. बेकरी लागली की तिचं दुकान दुसऱ्यांदा पडणार, एवढं त्याला कळत होतं. त्याने निमूटपणे मुलीला फोन लावला.

"बाबा, फाईलमध्ये किती दिशा लिहिल्यात?"

"एक. समोरची. फोटोच तेवढा आहे."

"मग कसं चालेल? गाव चार बाजूंनी फिरतं. त्या एक्सएमएल फाईलमध्ये प्रत्येक दिशेची वेगळी ओळ लागते. दिशेचं नाव, आणि त्या बाजूच्या चित्राचं नाव."

"मग हे आधी सांगायचं!"

"दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, मला नकाशातलं शिकवू नकोस."

त्याने फोन ठेवला आणि ओळी लिहायला घेतल्या. कचेरीत सगळ्यांनाच एक सवय होती. पंपघराचा दर्शनी भाग काढला, की कोपऱ्यात लिहून टाकायचं, 'मागील बाजू समोरच्याप्रमाणे'. निम्मं काम वाचायचं. आताही त्याने तेच केलं. दिशा चार लिहिल्या, चित्र चारही ओळींत समोरचंच. खेळ उघडला, गाव फिरलं, काही बंद पडलं नाही.

"ये गं लवकर!" तो ओरडला.

तिने खुर्चीत बसून बटण दाबलं. दवाखान्याने पाठ दाखवली, चपलांच्या दुकानाने भिंत दाखवली. तिचं दुकान मात्र पुन्हा तिच्याचकडे तोंड करून उभं. तिने पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच.

"हे काय हो? फोटोला उभ्या केलेल्या नवरदेवासारखं?"

"बंद पडलं का? नाही ना? मग मागच्या बाजूचं काय करायचंय तुला? मागे होतं काय? भिंत!"

"तुम्ही आला होतात का कधी मागे?"

तो कशाला जाईल? रोज संध्याकाळी तो दुकानासमोर स्कूटर थांबवायचा, हॉर्न द्यायचा, ती शटर ओढून यायची. सव्वीस वर्षांत तो काउंटरच्या पलीकडे गेला नव्हता.

"मागे दार होतं. हिरवं," ती म्हणाली. "खाली दोन पायऱ्या. वरच्या पायरीवर बसून मी जेवायचे."

"आत काय झालं होतं जेवायला?"

"आत घास घेतला की कुणीतरी माप द्यायला हजर. मागे कुणी यायचं नाही. माझी आई गेली ना, त्यानंतर दोन-तीन महिने रोज संध्याकाळी तिथे बसून रडायचे. तुमचा हॉर्न वाजायच्या आत तोंड धुऊन पुढे यायचे."

ती हे तक्रारीच्या सुरात बोलत नव्हती, म्हणून त्याला अधिकच लागलं. सकाळपासून फाईलवर निघणारा राग आता कुणावर काढावा ते त्याला कळेना. त्याने कागद पुढे ओढला.

"पायरीची उंची किती?"

"हे काय, पोलिसासारखं?"

"मला हेच विचारता येतं," तो म्हणाला. "सांग."

तिने हवेत हात धरला. "एक वीत. वर दोन बोटं."

पुढचे चार दिवस तो चित्रं काढत होता, ती चुका काढत होती. नळ डाव्या हाताला होता. दार इतकं नवं नव्हतं. पोपटी नको, तसला रंग नव्हताच. एकदा फाईलमधल्या एका ओळीची शेवटची खूण टाकायची राहिली आणि पुन्हा सगळं कोसळलं, तेव्हा त्याने टेबलावर मूठ आपटून पेन्सिलीचं टोक मोडलं. पाचव्या दिवशी गाव पूर्ण फिरलं. चारही बाजूंनी दुकान जागेवर उभं राहिलं. ती 'छान' म्हणाली नाही. मागच्या बाजूवर गाव थांबवून नुसती बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो स्वयंपाकघरातून आपलं ताट घेऊन खोलीत आला. ती पडद्यापुढे जेवत बसली होती. पडद्यावर हिरवं दार होतं, दोन पायऱ्या होत्या.

"मीही इथेच बसतो जेवायला," तो म्हणाला.

तिने मागे वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"इथे मी एकटीच बसायचे हो," ती म्हणाली.

तो ताट घेऊन दारातूनच वळला. स्वयंपाकघरात परत गेला आणि ओट्याशी उभ्यानेच जेवला.