बिनकोटाची वकीलबाई

मी एक जुना काळा कोट आहे. साधासुधा नव्हे, वकिलाचा. बारामतीच्या कोर्टाजवळ विजयसिंह वकिलांचं ऑफिस आहे, तिथं दारामागच्या खिळ्याला मी टांगलेला असतो. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव जळका आहे. शेजारच्या खिळ्याला नवी छत्री लागली तरी माझ्या पोटात दुखतं. काय करणार, स्वभावाला औषध नाही.

माझा जन्म इंदापूरचा. तिथल्या बाजारात बाबूलालभाई नावाचे शिंपी आहेत. विजयसिंह नुकतेच वकील झाले होते आणि अंगानं अगदी काटकुळे होते. बाबूलालभाईंनी माप घेतलं आणि माझ्या खांद्यात भरपूर पॅड भरलं. "साहेब, वकिलाला खांदा पायजे," ते म्हणाले. माझी काजं त्यांच्या लेकीनं, नसरीननं केली. शाळेतून आली की दप्तर कोपऱ्यात टाकून, जीभ दातांत धरून ती टाके घालत बसायची. म्हणजे नात्यानं ती माझी बहीणच की! एकाच घरातले आम्ही. पुढं याच बहिणीनं माझ्या जिवाची कशी आग आग केली, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

कामाची वर्षं माझी झकास गेली. बांधाची भांडणं, भावाभावांच्या वाटण्या, पाण्याच्या पाळ्या, सोडचिठ्ठ्या. विजयसिंहांनी उभं राहून माझी बाही झटकली की समोरच्याच्या तोंडचं पाणी पळायचं. "वाघ हाय वाघ," लोक म्हणायचे. म्हणायचे ते वकिलांना, पण त्यातला निम्मा वाटा मी गुपचूप माझ्याकडं ओढायचो.

आमच्या अशिलांत वडगाव निंबाळकरचे ज्ञानूआबा होते. एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त झालेले. त्यांच्या घरजागेची केस आम्ही जिंकून दिली होती, तेव्हापासून आबांचा आमच्यावर देवासारखा भरवसा. ठेच लागली तरी औषधाच्या आधी आम्हाला विचारायचे. आबांची लेक करुणा नर्स. नवऱ्याशी पटलं नाही, सोडचिठ्ठी झाली, ती लढाईही मीच अंगावर घेतली होती. पुढं करुणाला इंग्लंडच्या दवाखान्यात नोकरी लागली. सहा वर्षांची लेक विशाखा आईवडिलांपाशी ठेवून ती गेली. "जम बसला की पोरीला नेते," असं सांगून गेली होती.

जम बसला. आता पोरीला व्हिसा हवा होता. आबा आणि त्यांची बायको तुळसाबाई विशाखाला घेऊन आमच्याकडं आले. पोरगी आली की सरळ माझ्या खिशात हात घालायची. विजयसिंह घशासाठी खडीसाखर ठेवायचे ना, ती काढून खायची. मला गुदगुल्या व्हायच्या.

तुळसाबाईंनी मात्र बसल्या बसल्या विचारलं, "सायेब, ह्ये परदेशाचं काम तुमी आदी केलंय का?"

विजयसिंह हसले. "मावशी, कायदा तो कायदा. बांध काय आणि देश काय, हद्दच ती! शंभर टक्के होणार."

"अगं, सायबाला काय इचारती," आबा तिच्यावर डाफरले. "आपला मानूस हाय त्यो."

मी खिळ्यावर ताठ झालो. मग विजयसिंहांनी मला अंगात घातलं, कारण मी अंगात असल्याशिवाय त्यांना भाषा सुचत नाही, आणि आबांच्या नावानं प्रतिज्ञापत्र सांगायला सुरुवात केली. काय ती भाषा! 'सदर बालिकेचा आम्ही पोटच्या लेकीप्रमाणे सांभाळ केला असून तिला आईची उणीव क्षणभरही भासू दिलेली नाही. तिच्या शिक्षणाचे व आरोग्याचे सर्व निर्णय आम्हीच घेत आलो आहोत.' आबांचे डोळे भरून आले. आमच्या तालुक्यात कुणाची बाजू मांडायची म्हणजे आधी त्याचा मोठेपणा सांगायचा, ही रीतच आहे. आम्ही तो पोटभर सांगितला.

व्हिसा नाकारला गेला. तिकडच्या अधिकाऱ्यानं अगदी थंडपणे कळवलं होतं. मुलीचे सगळे निर्णय आजीआजोबा घेतात, आईची उणीव तिला नाही, असं तुम्हीच म्हणता. मग तिची जबाबदारी आईवर आहे हे कशावरून? मुलगी आहे तिथं बरी आहे.

करुणाचा व्हिडिओ फोन आला तेव्हा सगळे आमच्याच ऑफिसात होते. "आबा, काय लिहून दिलं हो तुमी?" एवढंच ती बोलली आणि रडायला लागली. तुळसाबाईंनी पदर तोंडाला लावला. विशाखा फोनच्या काचेवर बोट फिरवून आईचे डोळे पुसत होती. आणि आबा? त्यांच्या तोंडावर मला दुःख दिसेना. जळक्याला जळका बरोबर ओळखू येतो, मित्रांनो. पोरगी 'आई, आई' करायला लागली की आबांच्या मिशीचं टोक कसं खाली यायचं, ते मी खिळ्यावरून कितीदा पाहिलं होतं. लेकीच्या लेकीसाठी बाप लेकीवरच जळत होता.

मग करुणानंच एक नाव कळवलं. तिच्याबरोबरच्या एका नर्सचं काम त्या वकीलबाईंनी केलं होतं. व्हिसा आणि नागरिकत्व, दुसऱ्या कशाला हात लावत नाहीत, कितीतरी वर्षं हेच करतात. ऑफिस पुण्यात, पण रविवारी इंदापूरला वडिलांकडं येतात. नाव नसरीन. वडील शिंपी.

"बाबूलालची पोरगी?" विजयसिंह उडालेच. "माझ्या कोटाची काजं करायची ती! ती काय व्हिसा काढणार?"

खरं सांगतो, त्यांच्याहून जास्त मी उडालो. माझ्या अंगाचा नुसता भडका झाला. जिनं माझ्या पोटाला भोकं पाडली, ती आमचा अशील नेणार? आमचा! ठेच लागली तरी आमच्याकडं येणारा!

रविवारी सगळे इंदापूरला निघाले. विजयसिंह म्हणाले, "मीबी येतो. बघू तरी काय दिवे लावते." आणि रविवार असून, ऊन असून, त्यांनी मला अंगात घातलं. का, ते तुम्हाला कळलंच असेल. मला तर फार आवडलं.

दुकान तेच होतं. मशीन तेच, बाबूलालभाईंचे केस तेवढे पांढरे झालेले. आतल्या बाजूला कापडाचे तागे सारून एक टेबल मांडलेलं. नसरीन उठून आली. मी तिच्या अंगावर कोट शोधला. कोटच नव्हता! फिकट निळा कुडता आणि खांद्यावर ओढणी. कोट नाही तो कसला वकील, मी मनात म्हणालो आणि अंमळ बरं वाटलं.

"जय भीम आबा, या. मावशी, पंख्याखाली बसा." मग तिची नजर आमच्याकडं गेली. "काका, कोट काढा की. हितं जज नाहीत."

विजयसिंहांनी मला काढलं नाही. छाती फुगवून बसले. तेवढ्यात बाबूलालभाईंनी माझी कड दोन बोटांत धरली. "वकीलसाहेब, दुसरं बटन कुठं घालवलं? द्या इकडं." अशा रीतीनं मला त्यांच्या मांडीवर जावं लागलं आणि मालक नुसत्या शर्टावर उरले. कोटाशिवाय ते एकदम लहान दिसायला लागले.

तुळसाबाईंनी तोच प्रश्न इथंही टाकला. "ह्ये काम आदी केलंय का बाई?"

"हेच करते, मावशी."

"कवा हरला का?"

"हरलेय की. मागल्या वर्षी दौंडच्या एका पोराचं काम झालं नाही. कागद कमी पडले, मी पुरते मिळेपर्यंत थांबायला हवं होतं. आणि तुमचंही होईलच असं मी सांगत नाही. एकदा नकार आला की दुसरा अर्ज अवघड असतो."

आबांनी तुळसाबाईंकडं पाहिलं. असली कसली वकील, असा चेहरा. पण तुळसाबाईंनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली. "म्हस इकणारा म्हनला ना, हिच्यात खोडच न्हाय, तर मी तिच्या दाव्याला हात लावत न्हाय," त्या म्हणाल्या. "हीच आपली वकील. इचार बाई तुला काय इचारायचं त्ये."

आम्ही शंभर टक्के सांगितलं होतं आणि हिनं काहीच सांगितलं नाही, तरी निवड हिचीच! सुई टोचत होती ती बटणासाठी, पण लागत होती काळजाला.

नसरीननं आबांना विचारलं, "विशाखाला शाळेत कुणी घातलं?"

"म्याच. रोज सोडायलाबी म्याच जातो."

"कुठली शाळा, ते कुणी ठरवलं?"

आबांनी वर पंख्याकडं पाहिलं.

"सांगा की खरं," तुळसाबाई म्हणाल्या. "तुमी म्हनत हुता घराजवळची. करुणा म्हनली न्हाय, दुसऱ्या शाळंत घाला. हप्ताभर भांडला तिच्यासंगं फोनवर. शेवटी तिचंच झालं."

"आणि टॉन्सिलचं ऑपरेशन?"

"तिला इचारल्याबिगर डॉक्टरनं हात लावला न्हाय," आबा खालच्या आवाजात म्हणाले. "वेनीबी पोरगी आईला फोनमदी दाखवून घालती. म्हंजे काय, सगळं तिकडनंच चालतं. आन हितं न्हाऊ घालायचं मी, खाऊ घालायचं मी, आन पोर तिची?"

बाबूलालभाईंनी दोरा दातानं तोडला.

"आबा," नसरीन म्हणाली, "पोर तुमचीबी आहे. ते कुणी काढून घेत नाही. पण आधी तुम्ही एक लिहून दिलंय, आता दुसरं देणार. का बदललं, ते विचारतील. खरं कारण सांगावं लागेल."

आबांनी विशाखाकडं पाहिलं. ती चिंध्यांच्या ढिगातून रंगीत तुकडे निवडत होती. त्यांच्या मिशीचं टोक खाली आलं.

"कारन असं हाय बाई," शेवटी ते म्हणाले, "की पोर जावी असं मला वाटतच न्हवतं. मोठं मोठं ल्ह्यायला मला ग्वाड लागलं. तिची आईच तिची आई हाय. मी फकस्त सांभाळतो."

"हेच लिहू," नसरीन म्हणाली. "असंच."

विजयसिंहांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसत बसले. त्या लिखाणात ना 'सदर' होतं, ना 'बालिका'. माझ्या मालकांनी ते वाचलं आणि घडी करून परत दिलं. मला मात्र राहवेना. बिनकोटाच्या बाईनं, एवढीशी हळू बोलून, म्हाताऱ्याच्या पोटातलं बाहेर काढलं; आम्ही इतकी वर्षं ओरडून त्यात नुसतं आपलंच घालत होतो.

शाळेची, दवाखान्याची, फोनची सगळी माहिती तिनं गोळा केली, पुरती मिळेपर्यंत अर्ज अडवून धरला. मग पुष्कळ दिवस वाट पाहणं आलं. आणि एक दिवस व्हिसा मिळाला.

जायच्या आधी सगळे पेढे घेऊन आमच्याकडं आले. भर एप्रिल, बारामतीचं ऊन, आणि विशाखा आली ती लाल लोकरी कोट घालून! आईनं पाठवलेला. मोठाली काळी बटणं, नवी करकरीत काजं. घामानं नुसती थबथबली होती, पण काढायला तयार नाही. त्या दिवशी तिनं माझ्या खिशात हात घातला नाही. तिला स्वतःचेच दोन खिसे होते. मी असा जळालो म्हणता, विस्तव परवडला.

कोटाचं एक बटण उघडं राहिलं होतं. आबा खाली बसले. एसटीचं स्टिअरिंग धरून जाड झालेली त्यांची बोटं, त्यांना ते नवं काज काही केल्या सापडेना. तुळसाबाई पुढं झाल्या तर त्यांनी मान हलवली. स्वतःच लावलं. मग कॉलर नीट केली, खांद्यावरनं हात फिरवला.

"आबा, आईनं दिलाय," विशाखा म्हणाली.

"व्हय," आबा म्हणाले. "मापाचा हाय. आईला बरोबर म्हाईत हाय."

आणि ते तोंड फिरवून माझ्याकडं बघत उभे राहिले. खिळ्यावर दुसरं बघण्यासारखं काही नव्हतं.

आता कुणी परदेशाचं काम घेऊन आलं की विजयसिंह सरळ सांगतात, "हे मला येत नाही. इंदापूरला जा, रविवारी." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला लाजेनं घडी व्हावंसं वाटलं. पण गंमत अशी, त्यानंतर बांधाच्या केसेस उलट वाढल्यात. जो 'येत नाही' म्हणतो, त्याच्या 'येतं'वर लोकांचा विश्वास बसतो म्हणे.

मित्रांनो, वकील निवडताना कोट बघू नका. हे मी, कोट, सांगतो आहे, म्हणजे किती जिवावर आलं असेल बघा. तुळसाबाईंसारखं विचारा, हे काम आधी केलंय का, कधी हरलात का. आणि माझ्यासारखं जुनं काही तुमच्या घरात खिळ्याला असेल, तर वर्षातून एकदा ऊन दाखवा, सुटलेलं बटण लावा. आम्ही कुरकुरतो, जळतो, पण अंगावर घेतलं की अजून ऊब देतो.

तो लाल कोट पुढच्या थंडीत तिला तोकडा होईल. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता. पण परवा आबा एकटेच आले, आणि बोलता बोलता त्यांची बोटं माझ्या दुसऱ्या बटणाशी गेली, ते त्यांनी लावलं, सोडलं, पुन्हा लावलं. मी अगदी हललो नाही.