भट्टीचा प्रमुख

दोल्नो स्लिवोवो गावात राकिया, म्हणजे फळांची दारू, गाळायची भट्टी एकच, आणि आलुबुखाराची झाडं मात्र घरोघरी. आंबवलेल्या फळांचं पहिलं पिंप कोणाचं चढवायचं हे राजाच्या काळी गावप्रमुख ठरवायचा, कम्युनिस्ट पक्षाच्या काळी सेक्रेटरी. दोघांनीही निःपक्षपातीपणे आपलंच चढवलं. आता लोकशाही आली होती, म्हणून भट्टीचा प्रमुख गुप्त मतदानाने निवडायचं ठरलं.

वाचनालय सांभाळणाऱ्या मेतोदीची पाळी दर वर्षी शेवटची. तोवर फळांचं व्हिनेगर झालेलं असे. यंदा तर पिंपाला आत्ताच आंबूस वास सुटला होता.

"पहिला नंबर मागा की," बायको स्तोयना म्हणाली. "तोंड आहे ना तुम्हाला?"

"मागणं बरं दिसत नाही गं."

"मग पाहुण्यांना यंदाही व्हिनेगरच पाजू."

मोजणी मेतोदीकडेच आली. तेवीस घरं, तेवीस चिठ्ठ्या. एकवीस जणांना एकेक मत पडलं आणि गवंडी कांचोला दोन.

"याने दोन टाकल्या," दूधवाली रादका म्हणाली.

"आईशप्पथ, मी फक्त स्वतःला दिलं," कांचो म्हणाला.

मेतोदीचे कान लाल झाले. स्वतःचं नाव लिहायला हात धजला नव्हता, म्हणून त्याने कांचोचं लिहिलं होतं.

फेरमतदान ठरलं. अट एकच, स्वतःचं नाव लिहायचं नाही. आता आली का पंचाईत. मत दुसऱ्याला द्यायचं, पण तो निवडून तर येता कामा नये. प्रत्येकाने बराच वेळ पेन्सिल चावली आणि ज्याला आपल्याशिवाय कोणीही मत देणार नाही अशा माणसाचं नाव लिहिलं.

कांचोला एक मत पडलं. मेतोदीला बावीस.

मग रादका हळूच त्याच्याजवळ सरकली. "काका, तुम्ही देवमाणूस. आधी माझं पिंप घ्याल ना?" तिच्यामागे रांगच लागली.

मेतोदीने सगळ्यांना "बघतो" म्हटलं. आदर्श राज्यकारभारावरची वाचनालयातली तिन्ही पुस्तकं त्याने पुन्हा चाळली. न्याय, समता, त्याग. मग घरी जाऊन पिंपाचं झाकण उघडलं, वास घेतला आणि यादी लिहायला बसला.

सकाळी अख्खं गाव भट्टीच्या दारावरच्या यादीला नाक लावून उभं होतं. दुसऱ्या नावापासून पुढचं सगळं स्पष्ट वाचता येत होतं.

"पहिलं नाव इतकं बारीक का लिहिलंत?" स्तोयनाने विचारलं.

"मोठं लिहिणं बरं दिसत नाही गं," मेतोदी म्हणाला, आणि पिंप ढकलू लागला.