गोटमारीतला अंगारा

"रवींद्रभाऊ, दरसाल तुम्ही पेपरात आमची फुटलेली डोकीच छापून राहिले. आमच्या पोरीच्या, मृणालच्या, पुण्याच्या मैत्रिणी आम्हाले रानटी समजतात," मीनावहिनी म्हणाल्या. त्यांचं माहेर सावरगाव, सासर पांढुर्णा. गोटमारीत ही दोन गावं जाम नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकतात. यंदा वहिनींच्या भावाचं कपाळ फुटलं. खेळ संपल्यावर त्यांच्या नवऱ्यानेच मेव्हण्याला चंडीमातेचा अंगारा लावला.

"भाऊजी, दगड तुमचाच होता!"

"मंग जेवाले घरी चाल."

पानावर जागा कमी पडली की पेपरातला उपसंपादक बातमीचं शेपूट कापतो. म्हणून मी सुरुवात अंगाऱ्यापासून केली, जखमींचा आकडा शेवटी दिला. सकाळी दोन्ही छापून आलं होतं. त्या अनोळखी उपसंपादकाचे मी मनोमन आभार मानले.