आम्हाला लस लागू पडली

मी डुकरीण आहे म्हणून लगेच नाक मुरडू नका. माझं नाव फ्लोरी. गोराईत ज्युलियाच्या घरामागे, नारळाच्या झाडांखाली आमची शेड आहे. मी तिथेच जन्मले. आईच्या कुशीत मी सगळ्यांत किरकोळ होते, म्हणून ज्युलियाने मला बाटलीने दूध पाजलं आणि मोठी झाल्यावर पिल्लांसाठी ठेवून घेतलं.

ज्युलिया विधवा. तिचा भाऊ रोझारिओ शेडच्या कामात तिच्यासोबत असतो. तो मोठ्याने बोलतो, पण माझ्या कानामागे खाजवतो तेव्हा हात अगदी हलका असतो.

गेल्या पावसाळ्यात आमचं खाणं बिघडलं. मक्याची पोती खाडीकडच्या भिंतीला टेकून ठेवली होती. भिंतीला ओल धरली, पोत्यांनाही धरली. भरड्याला कुबट वास येऊ लागला. मी घमेलं नाकाडाने उलटं करायचे.

“नखरेवाली झालीय ही,” रोझारिओ म्हणायचा.

मला बोलता येत असतं तर! भूक लागली की तेच खायचं. कोणी मेलं नाही, कोणी आजारीही दिसलं नाही. फक्त आम्ही सुस्त झालो आणि अंगावर मांस चढेना.

तेवढ्यात बातमी आली: पलीकडच्या वाडीत डुकरांना ताप आलाय, एकामागून एक मरताहेत. ज्युलिया मात्र निर्धास्त होती. “आमच्या सगळ्यांना लस टोचलीय ना,” ती सांगायची. लस टोचणाऱ्या डॉक्टर श्वेता खात्री करायला आल्या आणि आमचं रक्त तपासायला घेऊन गेल्या.

परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. “ज्युलिया आंटी, लस टोचली खरी, पण लागू पडलेली नाही. यांच्या रक्तात तापाशी लढणारी ताकद तयारच झाली नाही.”

“म्हणजे लस बोगस!” रोझारिओ भडकला. “ज्युलिया, वाट लागली. ताप इथे यायच्या आधी सगळी डुकरं काढून टाक.”

“आणि करू काय रे मग? रिकाम्या शेडकडे बघत बसू?”

“थांबा,” डॉक्टर म्हणाल्या. “त्याच खोक्यातली लस मी मनोरी गावातल्या डुकरांना टोचली. तिथे झकास लागू पडली. दोष लशीचा नाही. यांना खायला काय घालता?”

नेमकं तेव्हाच मी पुन्हा घमेलं उलटं केलं. मुद्दाम नव्हे, रोजच्यासारखंच. डॉक्टर खाली वाकल्या. भरड्यातली गुठळी त्यांनी फोडली. आत हिरवट भुकटी होती. त्यांनी ती हुंगली आणि सरळ पोत्यांकडे गेल्या.

“बुरशी,” त्या म्हणाल्या. “दाण्यात विष सोडते. थोडं थोडं पोटात गेलं तर जनावर मरत नाही, पण त्याची प्रतिकारशक्ती दबते. मग लस टोचली तरी शरीर तिला नीट उत्तर देत नाही. तपासणीला मका पाठवते, पण तोवर हा एक दाणाही घालू नका.”

“उकडून घालू ना,” रोझारिओ म्हणाला.

“उकडल्याने बुरशी मरेल, विष राहील.”

ज्युलियाने फावडं उचलून त्याच्या हातात दिलं. “खड्डा खण रे. कोंबड्यांच्याही तोंडी लागता कामा नये.” तपासणीपुरता मूठभर काढून बाकी सगळा मका मातीआड गेला. तपासणीतही डॉक्टरांचं म्हणणं खरं ठरलं.

मग कोरडा, खणखणीत मका आला. पोती भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर चढली. पहिल्या दिवशी मी घमेलं चाटून पुसून लख्ख केलं आणि रोझारिओ खदखदून हसला.

पण ताप थांबला नव्हता, आणि आमच्या अंगात जोर यायला वेळ हवा होता. ज्युलियाने फाटक बंद केलं, दारात चुना टाकला. बाहेरच्या चपलेने कोणी आत यायचं नाही. रोझारिओ एकदा तसाच शिरला, तर तिने त्याला भर अंगणात झापलं, “भाऊ असशील घरात! इथे आधी पाय धू!” तो मुकाट धुऊ लागला.

आम्ही तरतरीत झाल्यावर डॉक्टरांनी पुन्हा लस टोचली, पुढे पुन्हा रक्त नेलं. त्या दिवसांत ज्युलिया माझ्या पाठीवर हात ठेवून पुटपुटत प्रार्थना करायची.

निकाल सांगायला डॉक्टर फाटकातूनच ओरडल्या, “आंटी, लागू पडली! सगळ्यांना!”

ज्युलिया रडता रडता हसू लागली. पुढे ताप अगदी शेजारच्या कुंपणापर्यंत आला. आमच्या शेडमधलं एकही डुक्कर पडलं नाही. एकही नाही! रविवारी रोझारिओ चर्चच्या आवारात भेटेल त्याला सांगत होता, “आधी पोत्यात हात घाला यार, मग लशीला शिव्या द्या.” आता माणसं आपापला मका घेऊन ज्युलियाला दाखवायला येतात.

आज माझ्या कुशीत गुबगुबीत पिल्लं ढुशा देत दूध पिताहेत. यातली काही पुढे कुणाच्या सणाच्या ताटात जातील, हे मला माहीत आहे. डुकराचं आयुष्य असंच. पण तापाने तडफडून कोणी जाणार नाही. तुमच्या दारात जनावर असेल, तर एवढं करा: ज्या खाण्याकडे तुम्हाला नाक न्यावंसं वाटत नाही, ते त्याच्यापुढे ठेवू नका. चला, सरका जरा. पिल्लांना अजून दूध पाजायचंय, आणि आज सगळ्यांना पुरून उरेल एवढं आहे.