वाकडा राजवाडा

आमच्या चित्रकथेचे वाचक भलतेच चौकस. जादूगाराच्या घुबडाला माझ्या मामांचा चष्मा आहे, हे त्यांनी पहिल्याच अंकात हेरलं. फळीवरचा कान तुटलेला कप आमच्या स्टुडिओतला आहे, हेही कुणीतरी फोटोशी ताडून शोधून काढलं. एकाने तर राजवाड्याच्या वाकड्यातिकड्या मनोऱ्यांवर दोन पानी पत्र लिहिलं: राजाचं मन डळमळीत, म्हणून भिंती डळमळीत. मी मूग गिळून गप्प बसले. खरं कारण कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

मी पेन्सिलीने काढते, त्यावर शाई चढवतात मामा. चाळीस वर्षं त्यांनी हेच काम केलं, मलाही त्यांनीच शिकवलं. दोन वर्षांपूर्वी त्यांचा हात कापायला लागला. सरळ रेघ मध्येच थरथरायची. काम सुटलं तर मामा घरात बसून नुसते झुरतील, याची मला धास्ती. मग मी राज्यच असं रचलं, की तिथे सरळ काही नाही. मुळांचे रस्ते, धुराचे पूल, वितळल्यासारखा राजवाडा. थरथरलेली रेघ तिथे खपून जायची. मामांना सांगितलं, हल्ली अशीच फॅशन आहे. त्यांनी नाक मुरडलं आणि कामाला लागले.

शेवटच्या अंकाला संपादकबाईंनी खोडा घातला. राज्याला वाकडं करणारा शाप सुटतो त्या पानावर राजवाडा सरळ उभा राहिलाच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मी हुज्जत घातली, आवाज चढवला, ज्यांना शेंडा ना बुडखा अशी कारणं दिली. बाई बरोबर होत्या, म्हणून तर मला जास्त राग येत होता. शेवटी बारा उंच खांबांचा दरबार काढला आणि तोंड पाडून मामांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

दोन दिवसांनी त्यांनी पान परत दिलं. राणीचे केस, झुंबर, पायाशी झोपलेला कुत्रा, सगळं शाईत. खांब मात्र पेन्सिलीतच.

"हे राहिले," मी म्हणाले.

"राहिले नाहीत, ठेवलेत. ते तू ओढ."

मी सारवासारव करायला गेले. मामांनी मला मध्येच थांबवलं.

"दोन वर्षं माझ्यासाठी राज्य वाकडं केलंस. मला कळत नव्हतं होय? पहिल्या मनोऱ्यालाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"काम हवं होतं ना मला."

मला रडू आलं, आणि आपण इतके दिवस स्वतःला फार हुशार समजत होतो याची लाजही वाटली. मामांनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी पट्टी पानावर ठेवली आणि दोन्ही तळव्यांनी दाबून धरली. दाबलेला हात कापत नव्हता. मी पेन घेतलं. एकेक करत बारा खांब ओढले. तासभर गेला.

शाई वाळेपर्यंत मामा पानावर वाकून बघत राहिले. खांब सरळ आले होते.

"पुढच्या कथेत शाईला तुझं नाव घाल," ते म्हणाले. "आणि गोष्टीलाच काही वाकडं हवं असलं, तर मला हाक मार. माझ्यासाठी म्हणून नको."