चार नंबरचा पट्टा

मी गोळीला घाबरत नाही, असं आमच्या पोलीस कमांडो टीममध्ये सगळे म्हणतात. म्हणू देत. मला भीती वाटते ती जिन्याची. महिनाभर झाला, मोहने गावातल्या आमच्या बिल्डिंगचे तीन मजले चढलो की छातीत काहीतरी अडखळतं आणि मग भलत्याच वेगाने सुटतं. बाबा बेचाळिसाव्या वर्षी गेले, हातात चहाचा कप असताना. मला एक्केचाळीस पूर्ण झाली आहेत. बायकोला, वैशालीला, मी यातलं अवाक्षर सांगितलेलं नाही.

त्यात टीमच्या दमाची चाचणी आली. ठाण्याच्या मैदानावर वीस मीटरच्या फेऱ्या, स्पीकरवर बीप, दर मिनिटाला वेग वाढणार. ते दरवर्षीचंच. या वर्षी नवीन होता तो छातीचा पट्टा. प्रत्येकाचे ठोके थेट डॉक्टर संचितांच्या टॅबवर, नावासकट.

माझा पट्टा सात नंबरचा, साईनाथचा चार. साईनाथ मानपाड्याचा, सव्वीस वर्षांचा. कारवाईत दारातून आत शिरताना तो माझ्या मागे असतो, त्याचा हात माझ्या खांद्यावर.

"साई, हा काचतोय रे. तुझा दे ना."

"घे ना दादा, त्यात काय."

त्याच्या नावावर माझे ठोके उमटले तर त्याचं काय होईल, याचा विचार मी केला नव्हता. खोटं कशाला बोलू, केला होता. एवढ्या तरण्याताठ्या पोराला कोण काय म्हणणार, अशी स्वतःची समजूत घातली आणि पट्टा आवळला.

पहिली सहा मिनिटं बरी गेली. सातव्याला ते अडखळलं. तोंड कोरडं पडलं. पाय मात्र धावत होते.

"साईनाथ, थांब. बाहेर ये," डॉक्टर ओरडल्या.

"मला काय झालंय मॅडम? मी दमलोपण नाय."

त्यांनी त्याला खुर्चीत बसवलं. माझी दर दुसरी फेरी त्या खुर्चीजवळ संपत होती, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"बसलायस तरी वाढतायत. एकशे अठ्ठ्याण्णव. ॲम्ब्युलन्स इकडे घ्या."

पुढच्या फेरीला पाहिलं तर साईनाथचा चेहरा पांढराफटक पडला होता. दोन्ही हातांनी त्याने खुर्ची घट्ट धरली होती. "आईला फोन करू का मॅडम?" तो विचारत होता. त्याला असं घाबरलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी त्याच्या मनगटावर बोटं ठेवली, घड्याळाकडे पाहिलं. मग टॅबकडे. पुन्हा मनगट. मग त्यांनी हळूच मान वर केली आणि धावणाऱ्या आम्हा सगळ्यांकडे बघायला लागल्या.

बीप वाजली. बाकीचे वळले. मी सरळ खुर्चीपाशी गेलो. मला काय झालंय ते कळण्याची भीती पट्टा बदलताना होती तेवढीच आताही होती, पण त्या पोराचा चेहरा बघवत नव्हता.

"चार नंबर माझ्याकडे आहे," मी म्हणालो. "महिन्यापासून होतंय."

साईनाथ उठला. आता हा शिवी घालणार, असं मला वाटलं, आणि ती मला हवीही होती. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला त्याच्या खुर्चीत बसवलं.

"मला वाटलं, मी मेलो दादा," तो म्हणाला.